खोटा कागद आणि जवळचा साक्षी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. न्याय महाग असतो आणि तो मिळण्यास विलंब लागतो, असा तिचा अर्थ बहुधा लावण्यात येतो. हा अर्थ बरोबरच आहे. परंतु ज्यांनी एखादा दिवाणी दावा जवळून पाहिला आहे, त्यांस या म्हणीत आणखी एक भीती दडलेली आढळेल. प्रतिपक्ष कागदावर काय लिहून आणील, याची ती भीती होय. फेडलेल्या कर्जाची पुन्हा फिर्याद होते. मागल्या तारखेचे खत पुढे येते. वाटणी झालेल्या घरात वाटणी झालीच नाही असे प्रतिज्ञेवर सांगण्यात येते. आणि ज्याची बाजू अगदीच लंगडी असते तो अर्जांवर अर्ज देऊन केवळ काळ काढतो. खरे बोलणाऱ्या मनुष्यास अशा वेळी जो मनस्ताप होतो, त्याची भरपाई पुढे निकाल त्याच्यासारखा झाला तरी होत नाही.

या रोगाच्या उगमाविषयी दोन मते फार दिवस प्रचलित आहेत. पहिले मत असे की, आपले पूर्वज सत्यवचनी होते. पंचांपुढे कोणी खोटे बोलत नसे. इंग्रजांची कोर्टे आली आणि वकिलांनी लोकांस लबाडी शिकविली. दुसरे मत इंग्रज अंमलदारांचे. एतद्देशीय मनुष्य स्वभावतःच खोटी साक्ष देणारा आहे, असे ते म्हणत. मेकॉलेने १८४१ सालच्या वॉरन हेस्टिंग्जवरील निबंधात बंगाली लोकांवर हाच आरोप मोठ्या आवेशाने केला आहे. आम्हांस ही दोन्ही मते इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीत असे वाटते. गेल्या तीनशे वर्षांत महाराष्ट्रात दिवाणी तंटे कसे चालले, हे पाहिले म्हणजे खोट्या फिर्यादीचे प्रमाण मनुष्यस्वभावापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीवर अवलंबून असते असे दिसून येते. ती गोष्ट म्हणजे व्यवहार घडला ते ठिकाण आणि न्याय होतो ते ठिकाण यांमधील अंतर.

प्रथम मराठेशाहीकडे वळू. त्या काळचे बहुतेक मोठे दिवाणी तंटे वतनाचे असत. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, जोशीपण यांत उत्पन्न तर होतेच. पण होळीची पोळी प्रथम कोणाची आणि पोळ्याच्या दिवशी कोणाचे बैल पुढे, हा मानही त्यांत होता. जेथे पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्पन्न आणि मान पणास लागतो, तेथे खोटेपणाचा मोह अनावर होतो. वतनाच्या तंट्यांत बनावट सनदा, बनावट शिक्के आणि मागल्या तारखांचे महजर सर्रास पुढे येत. जुन्या दप्तरांतून मिळालेला कागद अस्सल की बनावट, हे ठरविण्यासाठी राजवाडे आणि त्यांच्यामागून आलेले संशोधक यांस अक्षर, मायना, शिक्का आणि तिथी-वार यांचा मेळ घालीत बसावे लागले, ते काही उगाच नव्हे. तेव्हा पूर्वज खोटे बोलत नसत, हे मत कागदांनीच खोडून काढले आहे.

परंतु त्या खोटेपणास आळा घालण्याची जी रीत होती, ती लक्षात घेण्याजोगी आहे. तंटा गोतसभेपुढे किंवा पंचांपुढे आला म्हणजे प्रथम उभय पक्षांकडून ‘राजीनामा’ घेत. हा शब्द आज आपण नोकरी सोडण्याच्या अर्थी वापरतो; त्या वेळी त्याचा अर्थ, होणारा निवाडा आपणांस मान्य राहील असे राजीखुशीने लिहून देणे, असा होता. त्याबरोबर वर्तणुकीचा जामीन द्यावा लागे. नंतर प्रत्येक पक्ष आपली ‘तकरीर’ लिहून देई, वतनाचा पूर्ववृत्तान्त म्हणजे ‘करीना’ सादर करी, आणि मग पुरशीस म्हणजे विचारपूस होई. पुरशीस हा शब्द आमच्या दिवाणी न्यायालयांतून अद्यापि नाहीसा झालेला नाही. साक्षीदारांस देवळात किंवा नदीच्या पात्रात उभे करून, बेलभंडार हाती देऊन बोलते करीत. निवाडा झाला म्हणजे जिंकणाऱ्याने सरकारास ‘हरकी’ द्यावयाची आणि हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’. शिवाय हरणाऱ्याने आपला वाद खोटा ठरला असे ‘येजितखत’ जिंकणाऱ्यास स्वतःच्या हाताने लिहून द्यावयाचे. आपले म्हणणे खोटे होते हे लिहून देण्याची नामुष्की वतनदार घराण्यास दंडाहून जड वाटत असली पाहिजे.

याहून महत्त्वाची गोष्ट महजराची. महजरावर देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्याबरोबर बलुतेदारांच्याही निशाण्या असत. ज्यास लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची खूण करी; पाटील नांगर काढी, न्हावी आरसा काढी, सुतार आपले हत्यार काढी. गावच्या शिवेचा तंटा असेल तर महाराच्या साक्षीस विशेष वजन असे, कारण शीव राखणे हे त्याचेच काम होते. ही सर्व मंडळी वादीस आणि प्रतिवादीस जन्मापासून ओळखणारी. कोणाचे बैल कोणत्या रानात चरत आले आणि कोणाच्या बापाने कोणत्या सालच्या दुष्काळात काय गहाण टाकले, हे त्यांस कागदावाचून ठाऊक असे. अशा सभेपुढे बनावट सनद टिकविणे सोपे नव्हते.

तथापि या पद्धतीचे गोडवे गाऊन थांबणे न्यायाचे होणार नाही. सभा जवळची म्हणून तिच्यात जवळच्यांचे द्वेष आणि दबावही असत. निकाल विरुद्ध गेला की दुसरे ‘थळ’, म्हणजे दुसऱ्या ठिकाणची सभा, मागण्याची सोय होती; तीमुळे एकेक तंटा तीन-तीन पिढ्या चाले. साक्षीपुराव्याने उलगडा न झाल्यास दिव्य करावे लागे; कढत तेलातुपातून धातूचा तुकडा काढणाऱ्याच्या हातावरून सत्यासत्य ठरविण्यात येई. रामशास्त्री प्रभुण्यांसारखा न्यायाधीश लाभला म्हणजे न्यायासनाची प्रतिष्ठा वाढे. परंतु रामशास्त्री प्रत्येक कसब्यास नव्हते. या व्यवस्थेचा गुण एवढाच की, न्याय करणारे आणि व्यवहार जाणणारे लोक बहुधा एकच असत.

१८१८ साली पेशवाई गेली. दक्षिणेचा कारभार पाहणाऱ्या मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे गुणदोष सविस्तर लिहिले आणि ती शक्यतो टिकवावी असे मत दिले. पण सक्तीचे अधिकार नसलेली पंचायत आणि हुकूमनामा बजावणारे कोर्ट एकाच गावी नांदू लागल्यावर लोकांचा ओढा कोणीकडे जाणार, हे उघड होते. एल्फिन्स्टनच्याच कारकिर्दीत १८२७ चे कायदे झाले, आणि काही वर्षांतच पंचायत मागे पडली. तिच्या जागी जे कोर्ट आले ते तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी असे. तेथील न्यायाधीश वादीस ओळखत नसे, प्रतिवादीस ओळखत नसे. निःपक्षपातासाठी हे इष्टच होते. मात्र त्यास सत्य कळावयाचे ते केवळ कागदावरून. म्हणून ज्याच्या हाती कागद त्याच्या हाती न्याय, अशी स्थिती हळूहळू आली.

या स्थितीचा कळस १८५९ नंतर झाला. त्या साली दोन कायदे झाले. दिवाणी प्रक्रियेच्या कायद्याने फिर्यादीखाली तिच्या सत्यतेची प्रतिज्ञा लिहिणे आवश्यक केले आणि जाणूनबुजून खोटी प्रतिज्ञा करणारा खोट्या पुराव्याच्या शिक्षेस पात्र ठरविला. हेतू उत्तम होता. दुसरा कायदा मुदतीचा. त्याने साध्या कर्जरोख्याची फिर्याद तीन वर्षांत झाली पाहिजे असे ठरविले. जुनी, शिळी देणी उकरून कुळास कोणी छळू नये, हा त्याचा उद्देश. परंतु सावकाराने या मुदतीचा निराळाच उपयोग केला. तीन वर्षे भरत आली की तो कुळाकडून नवे खत करून घेई; त्यात थकलेले व्याज मुद्दलात मिळवी, आणि नव्या मुद्दलावर पुन्हा व्याज सुरू होई. मध्यंतरी कुळाने दिलेल्या धान्याची किंवा रोकडीची पावती नसे. खत लिहिणारा सावकाराच्या ओळखीचा, साक्षीदार त्याच्याच ओट्यावरचे, आणि कुळास वाचता येत नसे. ते आपला नांगर काढून मोकळे होई. पूर्वी हाच नांगर महजरावर साऱ्या गावासमक्ष उठे. आता तो सावकाराच्या ओसरीवर दोन माणसांसमक्ष उठू लागला.

पुढे फिर्याद होई. समन्स कधी कुळाच्या हाती पोहोचे, कधी पोहोचल्याचे केवळ कागदावर दिसे. पोहोचले तरी दहा कोस चालत जाऊन, निरक्षर मनुष्याने, स्वतःची निशाणी असलेल्या खताविरुद्ध काय सांगावयाचे? दाव्यांचे बहुसंख्य निकाल एकतर्फी होत. सावकाराची फिर्याद कायद्याच्या दृष्टीने अगदी निर्दोष असे. खत खरे, निशाणी खरी, मुदत शाबूत. खोटी असे ती त्या खतामागची कथा. आणि ती विचारण्याचे कोर्टास कारण पडत नसे. खोटा कागद म्हणजे बनावट सहीचा कागद, अशी आपली समजूत असते; परंतु खऱ्या सहीचा खोटा कागद त्याहून अधिक घातक असतो.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ पर्यंत कापसास आलेला भाव उतरला, जमीनधारा वाढला, आणि कुळांची स्थिती असह्य झाली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, दंगा उसळला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. या दंग्यांतील एक गोष्ट इतिहासकारांनी नेहमी नमूद केली आहे. जमावाचा रोख मुख्यतः खतांवर आणि वह्यांवर होता. कागद मुकाट्याने स्वाधीन केल्यावर सावकाराच्या अंगास बहुधा धक्का लागत नसे. ज्या कागदाविरुद्ध कोर्टात बोलण्याची सोय राहिली नव्हती, त्याविरुद्ध लोक अग्नीच्या भाषेत बोलले. जाळपोळीचे समर्थन आम्ही करीत नाही. जळालेल्या कागदांत कित्येक खरे व न्याय्य व्यवहारही भस्म झाले असतील. पण न्यायाचे स्थान सत्यापासून फार दूर गेले म्हणजे काय होते, याचा इतका स्पष्ट धडा आमच्या प्रांताच्या इतिहासात दुसरा नाही.

सरकारने चौकशीमंडळ नेमले, आणि त्याच्या अहवालानंतर १८७९ सालचा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. तत्पूर्वीच पुण्यात सार्वजनिक सभेच्या मंडळींनी, विशेषतः गणेश वासुदेव जोशी यांनी, लवाद कोर्टांची चळवळ करून लोकांस आपसात तंटे मिटविण्याचा मार्ग दाखविला होता. नवा कायदा प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्याने कोर्टास खताच्या मागे जाण्याचा अधिकार दिला, किंबहुना ते कर्तव्यच ठरविले. प्रतिवादीस प्रत्यक्ष बोलावून विचारावे, हिशेब पहिल्या व्यवहारापासून उलगडावा, व्याजावर व्याज धरू नये, असे त्यात सांगितले होते. कुळास पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क मिळाला. आणि सर्वांत मार्मिक तरतूद ही की, शेतकऱ्याने लिहून द्यावयाचे खत गावनोंदणी कामगाराच्या देखरेखीखाली व साक्षीने झाल्याखेरीज ग्राह्य धरू नये. महजराच्या वेळचा जवळचा साक्षी या तरतुदीने सरकारी वेषात परत आला, असे म्हणावयास हरकत नाही. या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख करण्याचे काम न्यायमूर्ती रानडे यांनी प्रथम डॉ. पोलन यांच्या हाताखाली व पुढे १८८७ पासून स्वतः विशेष न्यायाधीश म्हणून केले.

पण असत्य हे पाण्यासारखे आहे. एक फट बुजविली की ते दुसरी शोधते. खताच्या मागे कोर्ट जाते असे दिसताच सावकार गहाणाऐवजी खरेदीखत मागू लागले. जमीन विकली असे लिहावयाचे आणि पैसे फेडल्यावर परत देण्याचे तोंडी वचन द्यावयाचे. उलटपक्षी, ज्यांचा शेतीशी नाममात्र संबंध तेही या कायद्याचा लाभ मिळावा म्हणून कोर्टात आपणांस शेतकरी म्हणवू लागले. १९०७ साली कायदा दुरुस्त करून, खरेदी म्हणून लिहिलेला व्यवहार वस्तुतः गहाणाचा होता असे तोंडी पुराव्याने दाखविण्याची मुभा दिली, तेव्हा खरोखर विकलेली जमीनही गहाणच होती असे सांगणारे निघाले. लबाडी एका जातीची किंवा एका धंद्याची मिरास नाही. कायद्याने जो दरवाजा उघडावा त्यातून सज्जनाबरोबर दुर्जनही आत येतो.

इंग्रज अंमलदारांच्या मताचाही येथेच निकाल लागतो. दख्खनचे दंगे झाले त्याच दशकात इंग्लंडात टिचबोर्न घराण्याचा खटला गाजला. १८५४ साली समुद्रात बुडालेला वारस आपणच, असे सांगत ऑस्ट्रेलियातील एक खाटीक पुढे आला. त्याचा दिवाणी दावा १८७२ साली कोसळला, आणि १८७४ साली खोट्या शपथेबद्दल त्यास चौदा वर्षांची सजा झाली. सहस्रावधी सुशिक्षित व अशिक्षित इंग्रज तोपर्यंत त्याच्या बाजूस होते. खोटी फिर्याद ही कोण्या एका देशाची उपज नव्हे, हे यावरून दिसेल.

मग प्रश्न असा की, खोटी फिर्याद करणारास शिक्षा का होत नाही? कायद्याची उणीव म्हणावी, तर तीही नाही. १८६० च्या दंडविधानात खोट्या पुराव्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली होती, आणि लबाडीने खोटा दावा लावणे हा तर स्वतंत्र गुन्हा होता. ते दंडविधान जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी हे गुन्हे तसेच कायम आहेत. परंतु अशा बाबतींत फिर्याद बहुधा न्यायालयानेच करावी लागते, आणि न्यायाधीश ती क्वचितच करतात. सामान्य मनुष्यास ही उदासीनता वाटते. आम्हांस मात्र तिच्यामागे एक रास्त संकोचही दिसतो, आणि त्याचे उदाहरण आमच्याच इतिहासात आहे.

ते उदाहरण ताईमहाराज प्रकरणाचे. पुण्याचे सरदार बाबामहाराज १८९७ साली वारले. लोकमान्य टिळक त्यांच्या मृत्युपत्राचे एक विश्वस्त होते. १९०१ साली औरंगाबादेस जे दत्तविधान झाले ते खरे की खोटे, हा वाद दिवाणी. परंतु १९०२ साली जिल्हा न्यायाधीशाने टिळकांचे म्हणणे असत्य ठरवून त्यांजवर फौजदारी खटल्याची व्यवस्था केली. १९०३ साली मॅजिस्ट्रेटने त्यांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड सांगितला. अपिलात कैद सहा महिन्यांवर आली. आणि १९०४ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने शिक्षा रद्द केली. मूळ दत्तकाचा दिवाणी वाद मात्र चालूच राहिला. १९१० साली हायकोर्टात निकाल विरुद्ध गेला, आणि अखेर १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने ते दत्तविधान खरे मानले. ज्या गोष्टीस खोटी म्हणून शिक्षा झाली ती खरी ठरावयास चौदा वर्षे लागली. टिळकांसारख्या धैर्यवान व कायदेपंडित पुरुषाची ही कथा. सामान्य गृहस्थ अशा फेऱ्यात सापडता तर त्याचे काय झाले असते? शिक्षेचे हत्यार दुधारी आहे. ते सैल हातांत दिले तर खोट्या फिर्यादीबरोबर खऱ्या फिर्यादीचाही गळा कापील.

म्हणून कायद्याने मधला मार्ग शोधला. इंग्लंडात १८९६ साली त्रासदायक दावेदारांविषयीचा कायदा झाला. वारंवार निष्कारण दावे लावणारास न्यायालयाच्या परवानगीवाचून नवा दावा लावता येऊ नये, हे त्याचे तत्त्व. मद्रास प्रांताने १९४९ साली आणि महाराष्ट्राने १९७१ साली त्याच धर्तीचे कायदे केले. १९२२ साली दिवाणी प्रक्रिया संहितेत, जाणूनबुजून खोटा किंवा त्रासदायक दावा अथवा बचाव करणाऱ्याकडून प्रतिपक्षास एक हजार रुपयांपर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार घातला गेला. १९७६ साली ही मर्यादा तीन हजार झाली, आणि सर्वसाधारण दाव्यांस तीच अद्यापि लागू आहे. २०१५ च्या कायद्याने व्यापारी दाव्यांपुरती ती काढून टाकली. १९२२ चे हजार रुपये आणि आजचे तीन हजार यांची तुलना वाचकांनीच करावी. २००२ पासून फिर्यादीस व कैफियतीस प्रतिज्ञापत्र जोडणे आवश्यक झाले. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा दस्तऐवज दडवून मिळविलेला हुकूमनामा मुळातच निरर्थक ठरविला आणि असत्यावर आधारलेली बाजू घेऊन येणारास न्यायालयाचे दार बंद असावे, असे निक्षून सांगितले. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण यांतील प्रत्येक उपाय असत्य कोर्टात पोहोचल्यानंतरचा आहे.

इतिहास ज्या उपायाकडे बोट दाखवितो तो कागद जन्मास येतानाचा आहे. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अंमलदाराने एका कंत्राटावर कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे त्याने करार नाकारू नये, एवढाच त्यातील हेतू होता. आणि त्यातून पुढे बोटांच्या ठशांचे शास्त्र उभे राहिले. २००१ च्या दुरुस्तीने स्थावर मिळकतीच्या नोंदणीच्या वेळी खरेदीदार व विक्रेता यांची छायाचित्रे आणि बोटांचे ठसे घेणे बंधनकारक झाले आहे. पाटलाचा नांगर, गावनोंदणी कामगाराची साक्ष आणि आजचा अंगठ्याचा ठसा ही एकाच विचाराची रूपे होत. व्यवहार घडत असताना जो पाहतो, तोच पुढे असत्यास अडवू शकतो.

कायदा हे काम सरकारी कचेरीपुरते करील; घरातील व्यवहार त्याच्या कक्षेबाहेरच राहणार. आमच्या मध्यम वर्गात अजून भावाभावांत पावती कसली, मित्राकडून लिहून काय घ्यावयाचे, असा संकोच आहे. हा संकोच प्रेमळ आहे खरा. परंतु बंधूंचे जे दावे वर्षानुवर्षे चालतात त्यांच्या मुळाशी पुष्कळदा हीच न लिहिलेली पावती असते. व्यवहार करणारे दोघे सत्यवचनी असतील. त्यांची मुले तो व्यवहार पाहण्यास हजर नव्हती, एवढे त्यांनी विसरू नये. वाटणी झाली, पैसे दिले, दागिना परत आला, तर त्याच दिवशी, दोन जाणत्या माणसांसमक्ष, चार ओळी लिहून ठेवाव्या. सुप्याच्या बाजारात पेटलेल्या वह्यांत ज्याची नोंद कधी झालीच नव्हती, ती कुळाची परतफेड अशा चार ओळींनी वाचली असती.